वेळ निघून चालली, म्हणून काय?

शास्त्रपाठ : उत्पत्ति १६, २४:५०-५८, २५:१९-२६, १ शमुवेल १:१-१८, यशया ५६:३-५, १ करिंथ ७:२५-३५.



उपासना संपते, शेवटचे गीत होते, पाळकसाहेब आशीर्वाद देतात आणि मंडळी दारापाशी एकमेकांची विचारपूस करीत उभी राहते. ह्या विचारपुशीत एक प्रश्न असा असतो, की त्याचे वजन ज्याला तो विचारला जातो त्यालाच कळते. तिशीला आलेल्या मुलीला विचारतात, "यंदा तरी लाडू मिळणार का?" लग्नाला तीन-चार वर्षे झालेल्या सुनेला विचारतात, "काही गोड बातमी?" आणि पस्तिशीच्या मुलाच्या आईला बाजूला घेऊन सांगतात, "आता फार निवडत बसू नका, वेळ निघून चालली." विचारणाऱ्याच्या मनात बहुधा कपट नसते. परंतु ऐकणारा पुढच्या रविवारी आशीर्वाद होताच बाजूच्या दाराने निघून जातो, आणि काही महिन्यांनी आपण त्याच्याविषयी म्हणतो, की हल्ली तो देवाच्या घरात दिसत नाही.

ह्या महिन्याच्या पाठात आपल्याला ह्या घाईचाच विचार करावयाचा आहे. घाई सगळीच खोटी आहे असे मला म्हणावयाचे नाही. तिचा एक भाग शरीराचा आहे व तो खरा आहे. दुसरा भाग लोकांच्या तोंडचा आहे. हे दोन्ही एकमेकांत मिसळले म्हणजे माणसे भीतीने निर्णय घेऊ लागतात, आणि त्या निर्णयाची किंमत पुष्कळदा तिसऱ्याच कोणाला तरी द्यावी लागते. पवित्र शास्त्रात ह्याचा एक मोठा दाखला आहे. तिकडे आपण येऊच.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या जुन्या मंडळ्यांत हा प्रश्न अधिक टोचतो. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे मराठी उपासनेला येणारी घरे मोजकी. मुले नोकरीसाठी दूर गेलेली. स्थळ पाहावयाचे तर पुणे, नाशिक, सोलापूर, अहिल्यानगर इकडे पत्रे आणि फोन करावे लागतात. आणि आपल्या अटी किती! मुलगा मराठी बोलणारा हवा, प्रॉटेस्टंट हवा, आपल्याच मिशनचा असला तर बरे, शिवाय पूर्वीची जातही जुळली पाहिजे. ही शेवटची अट आपण मोठ्याने बोलत नाही, पण सोडतही नाही. इतक्या चाळण्या लावल्यावर वर्षे जातात, आणि मग दोष मात्र मुलीच्या वयाला देतो. वय हेच जर खरोखर काळजीचे कारण असेल, तर आईबापांनी प्रथम ह्या चाळण्यांपैकी कोणती देवाने सांगितली आणि कोणती आपण लावली, हे पाहावे.

उशिराची रेघ कोणी ओढली?

"उशीर झाला" असे आपण म्हणतो, तेव्हा तो उशीर कशाच्या मानाने मोजतो? १८८० साली लक्ष्मीबाई टिळकांचे लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, आणि त्या काळी त्यात कोणाला काही विशेष वाटले नाही. रखमाबाईंचेही लग्न त्याच वयात लावलेले. आपल्या संमतीवाचून झालेले ते लग्न मान्य करावयास त्यांनी नकार दिला, तेव्हा १८८४ पासून १८८८ पर्यंत त्यांचा खटला मुंबईत गाजला. पुढे त्या डॉक्टर झाल्या. ज्या वर्षी लक्ष्मीबाईंचे लग्न झाले त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केले. रमाबाई त्या वेळी बावीस वर्षांच्या होत्या. त्या काळच्या ब्राह्मण समाजात बावीस वर्षांची कुमारिका म्हणजे नुसता उशीर नव्हे, तर घराण्याला बट्टा समजत.

कायद्याने ही रेघ पुढे पुढे सरकवली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारावर नेली. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरविले, आणि १९७८ च्या दुरुस्तीने मुलीचे अठरा व मुलाचे एकवीस झाले. दर खेपेस जुनी माणसे म्हणाली, आता मुली घोडनवऱ्या होणार. आज पंचविशीतल्या मुलीला कोणी घोडनवरी म्हणत नाही. तो शब्द आता तिशीकडे सरकला आहे. लोकांची रेघ अशी हलत असते, आणि ती देवाच्या बोटाने ओढलेली आहे असे समजण्याचे कारण नाही.

शरीराची रेघ मात्र कायद्याने हलत नाही, आणि ह्या बाबतीत खोटा धीर देणे हेही प्रीतीचे काम नव्हे. स्त्रीची गर्भधारणेची शक्यता विशीत सर्वांत अधिक असते, तिशीनंतर हळूहळू कमी होते, पस्तिशीनंतर ती घट वेगाने होते आणि पंचेचाळिशीनंतर आपोआप गर्भ राहणे विरळा. म्हणून डॉक्टर असे सांगतात, की पस्तिशीच्या आतील जोडप्याने वर्षभर वाट पाहूनही मूल झाले नाही तर तपासणी करावी. पस्तिशीपुढे असल्यास सहाच महिने थांबावे. तपासणी दोघांची व्हावयाची. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्या घरांत सुनेला एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरवितात, पोटात कॅमेरा घालून पाहण्यापर्यंत मजल जाते, आणि मुलगा एकदाही दवाखान्याची पायरी चढत नाही. मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडे एकट्याकडे किंवा दोघांकडेही कारण सापडते, आणि पुरुषाची पहिली तपासणी सर्वांत सोपी व स्वस्त असते. आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयरोग हेही एक कारण आहे. तो खोकल्यावाचूनही असू शकतो आणि लवकर कळला तर औषधाने बरा होतो. उपवास-प्रार्थना जरूर करावी, परंतु प्रार्थनेच्या नावाखाली तपासणी पुढे ढकलू नये.

सारायची युक्ती

आता उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायाकडे या. अब्राम पंचाहत्तर वर्षांचा असताना हारानातून निघाला. देवाने त्याला संततीचे वचन दिले होते. कनान देशात राहून दहा वर्षे झाली, तरी पाळणा रिकामा. साराय दहा वर्षांनी लहान, म्हणजे पंचाहत्तरच्या पुढची. मूल व्हावयाची वेळ निघून गेली, हे तिला कोणी सांगावयास नको होते. तेव्हा तिने आपली मिसरी दासी हागार नवऱ्याला दिली. ही गोष्ट त्या काळच्या रीतीला धरून होती, हे ध्यानात ठेवा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिला शहाणी म्हटले असेल.

ह्या अध्यायात कोण काय बोलतो ते वर्गात मुलांकडून शोधून घ्यावे. साराय बोलते. अब्राम तिचे ऐकतो. हागारेला कोणीही काही विचारीत नाही. तिचे नावही ते दोघे आपल्या तोंडाने घेत नाहीत. "दासी" एवढेच म्हणतात. मग ती गरोदर राहते, घरात मत्सर शिरतो, आणि साराय तक्रार करते तेव्हा अब्राम, जो विश्वासाचा बाप, तो म्हणतो की दासी तुझीच आहे, तुला वाटेल ते कर. घरातल्या वडील माणसाचे हे हात झटकणे आपल्याही घरांत पाहावयास मिळते. जाच सोसवेना म्हणून हागार पळते आणि अरण्यात शूरच्या वाटेवरील झऱ्यापाशी परमेश्वराच्या दूताला सापडते. ह्या साऱ्या अध्यायात तिला तिच्या नावाने हाक मारणारा तो पहिलाच.

घाईने लावलेल्या लग्नांत अशी एक हागार बहुधा असतेच. मुलाचे वय वाढते म्हणून त्याचे फिट्स येण्याचे दुखणे लपवून दूरगावच्या गरीब घरातली मुलगी करून आणतात, ती हागार. मुलाला दारूचे व्यसन आहे हे साऱ्या मंडळीस ठाऊक असते, तरी "लग्न झाले म्हणजे सुधारेल" असे म्हणून उपासनेत तीन रविवार नावे वाचली जातात आणि एकही हात वर होत नाही. कधी उलटेही होते: मुलीचे मन दुसरीकडे आहे हे ठाऊक असून तिला बोहल्यावर उभी करतात, आणि मग फसलेला तो बिचारा नवराही हागारेच्याच जागी असतो. ज्या भीतीपोटी हे केले ती भीती आईबापांची होती. आयुष्य मात्र परक्या लेकराचे खर्ची पडले.

रिबकेच्या लग्नाची गोष्ट ह्याच्या उलट आहे. तेथेही घाई आहे. अब्राहामाचा सेवक दुसऱ्याच दिवशी निघू पाहतो आणि घरचे लोक दहा दिवस तरी थांबा म्हणतात. शेवटी ते मुलीलाच बोलावून विचारतात, की तू ह्या मनुष्याबरोबर जातेस काय? ती हो म्हणते, मग निघतात. इतक्या प्राचीन काळी मुलीला हा प्रश्न विचारला गेला. इसहाक त्या वेळी चाळीस वर्षांचा होता. मूल होण्यास आणखी वीस वर्षे लागली, आणि त्या वीस वर्षांत त्याने दुसरी बायको केल्याचे किंवा दासी घेतल्याचे लिहिलेले नाही. त्याने आपल्या स्त्रीसाठी परमेश्वराची विनवणी केली असे लिहिले आहे. बायकोसाठी गुडघे टेकणारा नवरा! मला वाटते, बापाच्या घरात इश्माएलाचे काय झाले हे इसहाकाने लहानपणी पाहिले होते.

देवाच्या घरातले टोमणे

हन्नेची गोष्ट आपण शब्बाथ शाळेत दर वर्षी शिकवितो, पण बहुधा शमुवेलासाठी शिकवितो. ह्या वेळी फक्त पहिल्या अठरा ओव्या वाचाव्या आणि थांबावे.

पनिन्ना हन्नेला खिजवीत असे, हे आपल्याला पाठ आहे. ते कोठे, हे वाचा. सातव्या ओवीत आहे, की हन्ना परमेश्वराच्या मंदिरी जाई तेव्हा तेव्हा, दर वर्षी, हे घडत असे. म्हणजे घरी जे काय होत असेल ते असो, शिलो येथे, यज्ञाच्या मेजवानीला, वाटे वाटले जात असताना तिला रडू येई व ती जेवत नसे. पनिन्नेला व तिच्या मुलामुलींना जितके वाटे, त्यावरून हिच्या मांडीवर कोणी नाही हे साऱ्यांदेखत दिसत असे. आपल्या नाताळाच्या प्रीतिभोजनाची आठवण करा. आईच्या रविवारी फुले वाटतो, ती कोणाच्या हातात देतो आणि कोणाला ओलांडून पुढे जातो, ह्याचीही आठवण करा.

एलकाना वाईट मनुष्य नव्हता. तो तिला दुप्पट वाटा देई. परंतु त्याने तिची समजूत घातली ती अशी, की मी तुला दहा पुत्रांहून अधिक नाही काय? दुःख तिचे, आणि बोलणे स्वतःविषयी. आणि एली याजक! त्याने तर ओठ हलताना पाहून तिला दारू प्यालेली ठरविले. पाळकांनी व पंचांनी हा भाग सावकाश वाचावा. देवाच्या दारात रडणाऱ्या स्त्रीकडे पाहून सेवकाच्या मनात पहिला विचार संशयाचा आला. पण एलीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे: तिने उत्तर दिल्यावर त्याने ते ऐकून घेतले, तिला अधिक प्रश्न विचारले नाहीत, आणि शांतीने पाठविले.

अठरावी ओवी पाहा. ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा तसा उदास राहिला नाही. अजून गर्भ राहिलेला नाही. शमुवेल पुढे आहे. तिला हलके वाटले ते, कोणीतरी एकदा तिचे पुरते ऐकून घेतले म्हणून.

ज्यांचे लग्न झालेच नाही

पौलाने करिंथकरांस लिहिताना कुमारिकांविषयी फार जपून लिहिले आहे. प्रभूची आज्ञा मला मिळालेली नाही, मी आपले मत सांगतो, असे तो आरंभीच म्हणतो; आणि शेवटी, तुमच्या गळ्यात फास घालावा म्हणून मी हे सांगत नाही, असेही म्हणतो. तोच पौल तरुण विधवांनी लग्न करावे असे तीमथ्याला लिहितो. एवढ्या मोठ्या प्रेषिताने जेथे सक्ती केली नाही, तेथे आपण दारात उभे राहून करतो.

त्याचबरोबर दुसरीही सावधगिरी हवी. जिला लग्नाची मनापासून इच्छा आहे, जी त्यासाठी रोज प्रार्थना करते, तिला "एकटे राहणे हे देवाचे दान आहे" असा उपदेश सुखी संसारातल्या माणसाने करू नये. दान आहे की नाही हे ती आणि तिचा प्रभू ठरवितील. यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात देव अपत्यहीन षंढाशी बोलतो. मी तर वठलेले झाड, असे त्याने म्हणू नये, असे सांगून देव त्याला पुत्र व कन्या ह्यांहून उत्तम असे नाव देऊ करतो. ते नाव कोठे मिळणार? माझ्या मंदिरात व माझ्या आवारात, असे देव म्हणतो. म्हणजे जागा देण्याचे काम मंदिरातल्या लोकांवर येऊन पडते.

आपल्या मराठी मंडळ्यांच्या इतिहासात अशी नावे थोडी नाहीत. सिंथिया फरार बाई अमेरिकन मिशनतर्फे १८२७ साली मुंबईस आल्या तेव्हा त्या अविवाहित होत्या, आणि एकट्या बाईला परदेशी पाठवावे काय ह्याविषयी त्या काळी मिशनांत मोठी शंका असे. पुढे त्या अहमदनगरास राहिल्या व १८६२ साली वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि मग १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. पंडिता रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमाबाई हिनेही लग्न केले नाही. शारदा सदनाचा भार तिने उचलला आणि निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यास शाळा उभारण्यात पुढाकार घेतला. १९२१ च्या जुलैत, चाळिशीत, ती गेली. आणि पुढच्या एप्रिलात आई गेली. ह्या बायका आनंदी होत्या की एकाकी, हे मी सांगू शकत नाही. बहुधा दोन्ही असतील, जशा लग्न झालेल्या बायकाही असतात.

दत्तकाविषयी थोडेसे

ख्रिस्ती माणसाला दत्तक घेता येत नाही, अशी समजूत अजून पुष्कळांची आहे. तिला पूर्वी आधार होता. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख ह्यांच्यापुरता. आपल्याला १८९० च्या कायद्याखाली मुलाचे केवळ पालक होता येई, आणि मूल अठरा वर्षांचे झाले की ते नाते कायद्याने संपे. आता तसे नाही. २००० च्या बाल न्याय कायद्याने व त्याच्या २००६ च्या दुरुस्तीने कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तकाची वाट मोकळी झाली, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तसे स्पष्ट केले, आणि आजचा कायदा २०१५ चा आहे. अर्ज केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे "कारा"कडे, करावयाचा असतो. अविवाहित स्त्रीला मुलगा वा मुलगी कोणीही दत्तक घेता येते. एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. येथेही अर्जदाराच्या वयाची मर्यादा आहे आणि प्रतीक्षा मोठी आहे, तेव्हा ज्यांचा विचार पक्का असेल त्यांनी अर्ज लांबवू नये. एखाद्या प्रसूतिगृहातून किंवा ओळखीच्या बाईकडून परस्पर मूल आणणे हा गुन्हा आहे, मग त्यामागे दया असली तरी.

आणि असे मूल मंडळीत आले, की "खरी आई कोण?" हे कोणी विचारू नये. मोशे फारोच्या मुलीच्या घरी वाढला, एस्तेरेला मर्दखयाने वाढविले, आणि आपला प्रभू नासरेथात योसेफाचा पुत्र म्हणून ओळखला गेला.

शिक्षकांसाठी

लहान मुलांच्या वर्गात हन्नेचा पाठ घेताना "देवाने तिला बाळ दिले" येथेच पाठ संपवू नये. वर्गात एखादे मूल असे असू शकते, की ज्याची आत्या किंवा मावशी रोज प्रार्थना करते आणि जिला बाळ मिळालेले नाही. ते मूल घरी जाऊन काय म्हणेल ह्याचा विचार करा. "बाळ होण्याआधीच हन्ना जेवू लागली, ती का?" एवढा प्रश्न विचारावा, मुले चांगली उत्तरे देतात.

तरुणांच्या वर्गात मुलगे व मुली ह्यांस एकत्र बसवून उत्पत्तीचा सोळावा अध्याय तीन आवाजांत वाचून घ्यावा: साराय, अब्राम, आणि परमेश्वराचा दूत. हागारेचे वाचन ज्याच्याकडे द्याल त्याला सातव्या ओवीपर्यंत बोलावयास काहीच मिळणार नाही. त्याला तसेच गप्प उभे राहू द्यावे. नंतर त्याला प्रथम विचारावे, की तेथे उभे राहून कसे वाटले. शरीराविषयीची माहिती द्यावयाची असल्यास मंडळीतील एखाद्या परिचारिकेला किंवा डॉक्टरला बोलवावे, आणि ती मुलग्यांनाही द्यावी.

प्रौढांच्या वर्गासाठी एक घरचा अभ्यास सुचवितो. पुढील चार रविवार दारापाशी कोणालाही लग्नाविषयी किंवा लेकरांविषयी विचारावयाचे नाही, असे वर्गाने ठरवावे. त्याऐवजी जो प्रश्न सुचेल तो वहीत लिहून आणावा. पहिल्या रविवारी पुष्कळांना काहीच सुचणार नाही आणि ते हवेपाण्याविषयी बोलतील. चालेल.